बखरीतल्या राण्या, दप्तरातल्या राण्या



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सिकंदराची स्वारी आणि इराणच्या राजस्त्रिया’ असा छापला आहे. पत्रिका हातात पडल्यावर मला तीन-चार फोन आले. सगळ्यांचे म्हणणे एकच, की बाई, सिकंदर बियास ओलांडून अलीकडे आलाच नाही, मग आपल्या औरंगाबादेत त्याचे काय काम? शंका रास्त आहे. पण इराणच्या राजघराण्यातली एक बाई या गावात आहे, आणि सभागृहातून रिक्षा केली तर पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही तिच्यापाशी पोहोचाल.

मी शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा दरवर्षी सातवीची मुले घेऊन बेगमपुऱ्यात जायचे. मकबऱ्यात आत शिरले की वरच्या सज्जातून खाली बघावे लागते. संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा, खाली थडगे, त्यावर चादर, आणि चादरीवर लोकांनी वरून टाकलेली नाणी. एका वर्षी एक मुलगी कठड्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि मग मला विचारले, “बाई, बीबी म्हणजे कोणाची बीबी?” मी सांगितले, औरंगजेबाची. तिला ते पुरले नाही. “हो, पण तिचे नाव काय?”

नाव दिलरस बानू. वडील शाहनवाजखान सफवी. इराणात ज्या शाह इस्माईलने सफवी राज्य उभारले, त्याच्या वंशातले. १६३७ मध्ये तिचे लग्न झाले, पाच मुले झाली, आणि पाचव्या बाळंतपणानंतर चार आठवड्यांनी, ८ ऑक्टोबर १६५७ ला, ती याच शहरात वारली. मुलगा आझमशाहने तिच्यासाठी मकबरा बांधला, असे सांगतात. जुन्या नोंदीत त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. प्रवेशद्वारावरच्या पितळी पत्र्यावर वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. खर्च आण्यापर्यंत, कारागीर नावानिशी, आणि जिच्यासाठी हे सगळे ती गावाच्या तोंडी नुसती ‘बीबी’. आज मला बोलायचे आहे ते या ‘नुसती’बद्दल. या दिलरस बानूची तीन मुले पुढे पुन्हा भेटणार आहेत, तेवढे लक्षात असू द्या.

आता दोन हजार वर्षे मागे चला. इ.स.पूर्व ३३३, नोव्हेंबर महिना. इससच्या लढाईत तिसऱ्या दारियसचा पराभव झाला. दारियस रथ, ढाल, धनुष्य आणि अंगावरचा झगा तिथेच टाकून घोड्यावर बसून निघून गेला. मागे छावणीत राहिले कोण? आई सिसिगांबिस, पत्नी स्तातेइरा, दोन मुली आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा. इराणच्या बादशहाचा कबिला लढाईलाही बरोबर निघे. मोगलांचा तरी कुठे घरी राहत असे?

संध्याकाळी या बायकांच्या कानावर आले की बादशहाचा रथ आणि झगा शत्रूच्या हाती लागला आहे. म्हणजे तो गेलाच असे समजून त्यांनी हंबरडा फोडला. सिकंदराने लेओनातोस नावाच्या सरदाराला निरोप घेऊन पाठवले की दारियस जिवंत आहे आणि तुमचा मान तसाच राहील. दुसऱ्या दिवशी सिकंदर आपला मित्र हेफेस्तिओन याच्यासह भेटायला आला. दोघांचे कपडे सारखे, आणि हेफेस्तिओन उंच. म्हातारीने त्यालाच बादशहा समजून त्याच्यापुढे लोटांगण घातले. चूक कळल्यावर ती ओशाळली, तेव्हा सिकंदर म्हणाला, काही चुकले नाही, आई, हाही सिकंदरच.

युरोपातल्या चित्रकारांना हा प्रसंग फार आवडला. तंबू, गुडघ्यांवर आलेल्या बायका, हात पुढे केलेला देखणा विजेता. पण एरियन हा जुन्यांतला सावध लेखक. तो ही गोष्ट सांगतो आणि लगेच पुस्ती जोडतो, की हे खरेच घडले असे मी म्हणत नाही, पण सर्वस्वी खोटेही म्हणवत नाही. मुलांना शिकवताना हे वाक्य मला फार उपयोगी पडे.

गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती कोणासाठी रचली हे बघा. तिच्यात बायका कशासाठी आहेत? रडायला, चुकायला आणि क्षमा मिळवायला. त्या जितक्या असहाय, तितका विजेता थोर. प्लुटार्क तर सांगतो की स्तातेइरा त्या काळातली सर्वांत देखणी बाई होती आणि सिकंदराने तिला बोटही लावले नाही. इथे एक अडचण येते. हाच प्लुटार्क सांगतो की ती बाळंतपणात वारली, आणि तिच्या मृत्यूची हकिगत तो देतो इ.स.पूर्व ३३१ मधल्या गौगामेलाच्या लढाईच्या तोंडावर. पकडली गेली नोव्हेंबर ३३३ ला. महिने मोजा. अभ्यासकांनी यावर पुष्कळ खल केला आहे. कोणी मृत्यू वर्षभर मागे ओढतात, कोणी बाळंतपण बाजूला ठेवतात, कोणी सरळ सिकंदराकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे एवढेच, की औदार्याच्या कथेला शिवण जिथे उसवते तिथे थांबून बघावे.

त्याच स्वारीतला दुसरा कागद बघा. दारियसचे बाकी सामान दमास्कसला होते, ते सिकंदराचा सेनापती पार्मेनियन याने ताब्यात घेतले आणि सिकंदराला पत्राने यादी कळवली. यादीत ३२९ गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दासी आहेत आणि २७७ आचारी. तंबूतल्या पाच जणांवर पानेच्या पाने लिहिली गेली. या ३२९ जणींना एक आकडा मिळाला. पण आकडा कोणाची थोरवी गात नाही, आणि म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो.

सिसिगांबिसची एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. रोमन इतिहासकार कर्टियसने ती दिली आहे. सुसा शहरात असताना सिकंदराला मॅसिडोनियाहून कपडे आणि जांभळे कापड भेट आले, आणि ते विणणाऱ्या बायकाही आल्या. त्याने ते सारे म्हातारीकडे पाठवले आणि निरोप दिला, आवडले तर नातींना हे काम शिकवून घ्या. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. इराणी खानदानी बाईने लोकरीला हात लावणे म्हणजे मोठी नामुष्की. सिकंदर स्वतः माफी मागायला आला. म्हणाला, हा माझ्या अंगावरचा कपडा माझ्या बहिणींनी विणलेला आहे, आमच्याकडची रीत मला नडली.

वाचणाऱ्याला वाटते, काय नाजूक बायका! कामाला हात लावायचा नाही. ग्रीकांचा तर तो आवडता समज होता, की इराणी राजवाड्यातल्या बायका पडद्याआड लोळत असतात. या समजाला धक्का बसला तो १९३३-३४ मध्ये. पर्सेपोलिसच्या तटबंदीत मातीच्या हजारो वड्या सापडल्या. त्या पहिल्या दारियसच्या काळातल्या, इ.स.पूर्व ५०९ ते ४९३ दरम्यानच्या, मुख्यतः एलामी भाषेत लिहिलेल्या आहेत. त्यांत काव्य नाही, पराक्रम नाही. कोणाला किती धान्य दिले, किती दारू दिली, एवढेच. आपल्या भाषेत सांगायचे तर कोठीची खतावणी.

आणि या खतावणीत बायका आहेत. इर्दबामा नावाची एक राजस्त्री आहे. तिच्या मालकीच्या जागा गावोगाव, हाताखाली शेकड्यांनी मजूर, ती प्रवास करते, आणि कागदावर, म्हणजे वडीवर, तिची स्वतःची मोहोर उठते. दुसरी इर्तश्दुना, दारियसची राणी. ग्रीक तिला आर्तिस्तोने म्हणत. तिला राजाच्या मालमत्तेतून १०० मेंढ्या द्याव्यात असा हुकूम आहे, दुसऱ्या हुकमात २०० माप दारू. १०० मेंढ्या एका बाईच्या जेवणासाठी नसतात. मोठे कार्य आहे, पंगती उठायच्या आहेत, आणि यजमानीण ती आहे.

आता लोकरीच्या गोष्टीकडे परत या. सिसिगांबिस कामाला लाजली असे कर्टियसला वाटते. मला वाटते, जिच्या घराण्यातल्या बायकांच्या मोहोरेवर शेकडो विणकर राबले, तिच्यापुढे कोणी चाती आणि लोकर आणून ठेवली. मोहोर काढून घेतली आणि चाती दिली. डोळ्यांत पाणी येईल नाही तर काय? सिकंदराच्या मनात वाईट नव्हते हे मी मानते. पण विजेत्याला हरलेल्याचे घर कळत नाही, त्याची माणसे मात्र ताब्यात असतात.

ही बाई नुसती रडत बसली नाही. डोंगरातल्या उक्सियन लोकांना सिकंदराने घेरले तेव्हा तिने त्यांच्यासाठी रदबदली केली. त्यांच्या सरदाराच्या घरात तिची भाची दिलेली होती. एरियनने टॉलेमीच्या आधाराने सांगितले आहे की तिच्या विनंतीवरून त्यांची जमीन त्यांच्याकडे राहिली आणि खंडणी ठरली ती दरसाल १०० घोडे, ५०० ओझ्याची जनावरे आणि ३०,००० मेंढ्या. कैदेतल्या म्हातारीच्या शब्दावर एक जमात वाचली. पुन्हा मेंढ्याच, पण बघा, चित्रकारांनी हा प्रसंग काढलेला मला तरी दिसला नाही.

गौगामेलाच्या धुमश्चक्रीत इराणी स्वारांनी मॅसिडोनियन तळावर झडप घातली. कैदी मोकळे होऊन धावू लागले. सिसिगांबिसला बायका हाका मारत होत्या, चला, आपली माणसे आली. डायोडोरस सांगतो, ती जागची हलली नाही. ना आनंद, ना शोक. लढाई कुठल्या बाजूला झुकेल याचा तिला भरवसा नव्हता म्हणून, असे त्याला वाटते. कैद मुरलेल्या माणसाचा तो हिशेब असतो. धावत सुटावे आणि संध्याकाळी परत तिथेच यावे, तर सकाळपेक्षा वाईट.

आता आपण घरी येऊ. वेरूळला.

वेरूळची लेणी बघायला दिल्लीचे शिपाई आले होते, असे कोणी सांगितले तर हसू येईल. पण फिरिश्ता तेच सांगतो. साल १३०७ च्या आसपास. त्याआधी, १२९९ मध्ये, अलाउद्दीन खलजीच्या फौजांनी गुजरात घेतला. राजा कर्ण वाघेला निसटला. राणी कमलादेवी सापडली आणि दिल्लीच्या जनानखान्यात गेली. कर्ण बागलाणात देवगिरीच्या रामदेवरायाच्या आश्रयाने राहिला. बरोबर धाकटी मुलगी देवलदेवी. पुढे तिला देवगिरीच्या राजपुत्राला द्यायचे ठरले आणि पहाऱ्यात तिला इकडे रवाना केले. इतक्यात अलाउद्दीनचा सरदार अल्पखान याच्या फौजेतले तीनएकशे शिपाई, फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सुट्टी घेऊन वेरूळची लेणी बघायला गेले होते. त्यांची गाठ नेमकी या लवाजम्याशी पडली. चकमक झाली, मुलीच्या घोड्याला बाण लागला, ती सापडली.

फिरिश्ता लिहितो सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापुरात बसून, म्हणजे तीनशे वर्षांनी. घटनेच्या काळातला लेखक अमीर खुसरो. त्याच्या मसनवीत घोड्याला लागलेला बाण आहे, देवगिरी जवळ आल्याचा उल्लेख आहे, पण वेरूळ नाही. वेरूळ फिरिश्त्याने आणले. काही इतिहासकारांनी ही सारी हकिगतच कवीची कल्पना ठरवली आहे. मी त्या टोकाला जात नाही. पण खुसरोने काय केले ते मात्र बघण्यासारखे आहे.

दिल्लीला आली तेव्हा देवलदेवी, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, आठ वर्षांची होती आणि सुलतानाचा मुलगा खिझरखान दहाचा. त्यांच्या प्रेमावर खुसरोने ४,२०० बैतांचे काव्य लिहिले, आणि खिझरखान मारला गेल्यावर ३१९ जोडले. मजकूर मला स्वतः खिझरखानाने दिला असे तो म्हणतो. म्हणजे प्रेमकथेला साक्षीदार एकच, आणि तो नवरा. मुलीचे नावही त्याला तसेच ठेवता आले नाही. ‘देव’ या शब्दाचा फारसीत अर्थ राक्षस. म्हणून देवलची ‘दुवल’ केली. दुवल म्हणजे दौलतचे अनेकवचन. वीस वर्षांनी मुहंमद तुघलकाने देवगिरीचे काय केले? दौलताबाद. मुलगी आणि तिचे ठरलेले सासर, दोघांच्या नावांतला ‘देव’ गेला आणि जागी ‘दौलत’ आली. हा योगायोग मला पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी चहा गाळत होते, आणि तो गाळणीबाहेर गेला.

कथेचा शेवट कवीला हवा तसा झाला नाही. अलाउद्दीन १३१६ मध्ये गेला, खिझरखानाचे डोळे काढले, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकले, आणि पुढे भाऊ मुबारकने त्याला मारून देवलला आपल्याकडे आणले. मुबारकही १३२० मध्ये मारला गेला. तख्तावर जो येईल त्याच्या वाट्याला तीही. तख्ताचा एक जिन्नस असल्यासारखी.

देवगिरीची स्वतःची मुलगी तर त्याहून आधी गेली. १२९६ मध्ये अलाउद्दीन, तेव्हा सुलतान नव्हे, कड्याचा सुभेदार, आठेक हजार स्वार घेऊन अचलपूरमार्गे देवगिरीवर आला. यादवांची मुख्य फौज बाहेर होती. गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतली पोरे सांगतात. खंडणीची यादी फिरिश्त्याने दिली आहे: ६०० मण सोने, ७ मण मोती, २ मण रत्ने, १,००० मण चांदी, ४,००० रेशमी वस्त्रे. मण कोणता धरायचा यावर वाद घालता येईल. मुलीचा उल्लेख करतो इसामी. तिचे नाव तो झत्यापाली असे काहीसे देतो. इसामी आपला माणूस म्हणायला हरकत नाही. तुघलकाने दिल्ली उठवली तेव्हा आजोबांबरोबर तो निघाला, नव्वदीचे आजोबा पहिल्याच मुक्कामात गेले, आणि हा पोरगा दौलताबादेत वाढला. घर उठवले जाणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते. रामदेवरायाच्या मुलीची आठवण त्याने ठेवली याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

या मुलीचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. अलाउद्दीन गेला तेव्हा पाच-सहा वर्षांचा. अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याने त्याला तख्तावर बसवले, महिनाभराने काफूर मारला गेला आणि मुबारकने या पोराचेही डोळे घेतले. म्हणजे देवगिरीच्या यादवांचा नातू काही दिवस दिल्लीचा सुलतान होता! आपल्या जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य कधी वाचल्याचे मला आठवत नाही.

आता दिलरस बानूच्या मुलांना बोलावते.

पाचवे बाळंतपण म्हटले ना, तो मुलगा अकबर. याच शहरात जन्मला. १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून तो दक्षिणेत पळाला आणि आश्रयाला आला कोणाच्या? संभाजीराजांच्या. सहाएक वर्षे कोकणात काढून १६८७ मध्ये तो समुद्रमार्गे इराणला गेला, आईच्या पूर्वजांच्या देशात, आणि तिकडेच वारला. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई, शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. त्यांच्या शिक्क्यावरची अक्षरे तुम्हाला माहीत आहेत: ‘श्री सखी राज्ञी जयति’. राजे मोहिमेवर असताना घरचा कारभार या शिक्क्याने चाले. म्हणजे ही इर्दबामाच्या जातकुळीची बाई. मोहोर असलेली.

१६८९ चा फेब्रुवारी. राजे संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. गडावर येसूबाई, सात वर्षांचे शाहू आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. अशा वेळी आपला मुलगा गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य हाकावे, हा सरळ मार्ग. येसूबाईंनी तो घेतला नाही. मंचकावर बसले राजाराम, आणि ५ एप्रिलला ते गडावरून बाहेर पडले. सगळे एकाच गडावर सापडू नयेत, हा विचार. बखरीत या वेळी येसूबाईंच्या तोंडी भाषण आहे. ते खरे असो-नसो. भाषण बाजूला ठेवले तरी कृती उरते: राज्य बाहेर पाठवले आणि पोर घेऊन आपण मागे राहिल्या. ३ नोव्हेंबरला रायगड पडला. घेणारा इतिकादखान, त्याला पुढे झुल्फिकारखान ही पदवी मिळाली.

दारियस कुटुंब टाकून गेला म्हणून त्याच्या नावाला बट्टा लागला. रायगडावर जाणाऱ्याला पाठवणारी बाई होती, हा फरक फार मोठा आहे. माझ्या मते मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातला पहिला निर्णय हाच, आणि तो जिंजीत नाही, रायगडावर झाला.

पुढे सगळी कहाणी सिसिगांबिसचीच. औरंगजेबाने कैद झालेल्या येसूबाईंना मानाने वागवले, शाहूंना सात हजारी मनसब दिली, राजा म्हटले, तंबू आपल्या गुलालबारात लावला. देखरेख कोणाकडे? मुलगी जीनतुन्निसा हिच्याकडे. म्हणजे बेगमपुऱ्यातल्या त्या बीबीची दुसरी लेक. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ती शाहूंवर माया करी हे मराठी साधनेही सांगतात, आणि मला ते पटते. लग्न न केलेली, म्हातारपणाकडे झुकलेली शहजादी, तळावर दुसरे आहे कोण? पण मायेची बाब वेगळी आणि बादशहाच्या आदरसत्काराची वेगळी. मनसब देऊन वाढवलेला पोर म्हणजे हातातला हुकमी पत्ता. सिकंदराने म्हातारीला आई म्हटले, त्यामागेही दारियसची गादी होतीच.

मान होता म्हणजे भीती नव्हती असे नाही. १६९५ पासून ब्रह्मपुरीला, मग किल्ल्यांमागून किल्ल्यांच्या चिखलात, शेवटी अहमदनगरला, असा तो तळ हिंडत राहिला. १७०३ मध्ये शाहूंनी धर्म बदलावा असा आग्रह सुरू झाला. प्रतापराव गुजरांचे दोन मुलगे, खंडेराव आणि जगजीवन, त्यांच्याऐवजी मुसलमान झाले आणि ते संकट टळले. त्याच काळात बादशहाने शाहूंची लग्ने लावून दिली, सिंदखेडच्या जाधवांची मुलगी आणि शिंद्यांची मुलगी. विजेता वरपिता झाला. हे वाचताना मला इ.स.पूर्व ३२४ मधला सुसाचा लग्नमंडप आठवतो. सिकंदराने स्वतः दारियसची थोरली मुलगी केली, शिवाय आधीच्या एका बादशहाची मुलगी पॅरिसाटिस. धाकटी हेफेस्तिओनला. आणि ऐंशीएक सरदारांना इराणी बायका, एकाच दिवशी, इराणी पद्धतीने. पुढच्या वर्षी तो मेल्यावर बहुतेकांनी त्या टाकून दिल्या. सेल्युकसने अपामाला सोडले नाही. दारियसची पुतणी आमास्ट्रिस क्रातेरसने सोडली, तर तिने पुढे काळ्या समुद्राच्या काठी आपल्या नावाचे नगर वसवले आणि ‘राणी आमास्ट्रिसचे’ असे लिहिलेली नाणी पाडली. मोहोर परत हातात आलेली ही एक. दारियसच्या दोन्ही मुलींना मात्र रुक्साना या सवतीने मारून विहिरीत टाकवले. सिसिगांबिसने त्याआधीच, सिकंदर गेल्याचे कळल्यावर, अन्नपाणी सोडले होते. पाचव्या दिवशी ती गेली. ग्रीक म्हणतात, सिकंदरावरच्या मायेने. तिला बहुधा दिसले असावे, की तो होता तोवर नातींना भिंत होती.

औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारला वारला. आपल्या खुलताबादेत आहे. आझमशाह, हाच तो मकबरा बांधणारा मुलगा, तख्तासाठी उत्तरेला निघाला. बरोबर बहीण जीनत, येसूबाई, शाहू. भोपाळजवळ दोराह्याला त्याने शाहूंना सोडले. सोडा म्हणणारा झुल्फिकारखान, रायगड घेणारा. शाहू गेले की राजारामांच्या पत्नी ताराबाईंशी त्यांचे भांडण लागेल, असा हिशेब, आणि तो बरोबर ठरला. पण जामीन म्हणून येसूबाई, सून सावित्रीबाई आणि शाहूंचे सावत्र भाऊ मदनसिंग यांना ठेवून घेतले. आईच्या आठवणीसाठी साडेसहा लाखांवर खर्च करणारा हा मुलगा, दुसऱ्याच्या आईला तारण ठेवतो. महिनाभराने जाजऊच्या लढाईत तो मारला गेला. तारण मात्र सुटले नाही. ते नव्या बादशहाकडे गेले आणि दिल्लीत बारा वर्षे पडून राहिले.

१७१८ चा तह म्हणजे एका बाजूला दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेनअली, मध्यस्थ शंकराजी मल्हार, आणि शाहूंकडून पेशवे बाळाजी विश्वनाथ. दख्खनची सुभेदारी तेव्हा आपल्या शहरातून चाले. कलमे अशी: स्वराज्याचा मुलूख, सहा सुभ्यांची, त्यांत पहिला औरंगाबाद, चौथाई आणि सरदेशमुखी, बदल्यात बादशहाला पंधरा हजार फौजेची चाकरी आणि दहा लाख पेशकश. आणि एक कलम, मातोश्री व कुटुंबाची सुटका. परीक्षेत मुले चौथाई-सरदेशमुखी पाठ म्हणायची आणि हे कलम हमखास गाळायची. मी अर्धा गुण कापायचे, पालक भांडायला यायचे.

पण मला सगळ्या कागदांत प्रिय आहे ते हे कलम. यात येसूबाई रडत नाहीत, कोणी त्यांना आई म्हणून उचलून धरत नाही, कोणाचे औदार्य दिसत नाही. पैशांच्या आणि घोड्यांच्या आकड्यांशेजारी त्यांची किंमत लिहिली आहे, आणि ती सहा सुभ्यांच्या महसुलाशेजारी ठेवण्याइतकी होती.

मराठ्यांनी ती दिल्लीच्या रस्त्यांवर दीड-दोन हजार माणसे गमावून चुकती केली. ४ जुलै १७१९ ला बाळाजी विश्वनाथ सनदा आणि येसूबाईंना घेऊन साताऱ्यात पोहोचले. रायगडावरून उतरताना बोट धरलेला मुलगा सात वर्षांचा होता. दोराह्याला निरोप घेतला तो चोविशीतला होता. साताऱ्यात समोर उभा राहिला तो सदतिशीचा राजा, आणि त्याच्या दरबारात त्याला सात वर्षांचा असताना पाहिलेले येसूबाईंखेरीज फारसे कोणी उरले नव्हते.